चाखण्याची तब्येत

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. तुमच्या पणजीच्या पणजीने ती चुलीपुढे बसून ऐकली असेल, आणि तेव्हाही सांगणारीने 'फार जुनी' असंच म्हटलं असेल.

एका डोंगरी मुलखात एक राजा राज्य करत होता. राजा शूर होता, न्यायाला पक्का होता, प्रजेवर त्याची माया होती. पण त्याच्या डोक्यात एक किडा शिरला होता. आपल्याला कुणीतरी विष घालणार, असं त्याला सदोदित वाटायचं.

त्याला कारणही होतं. त्याचे वडील भर पंगतीत गेले होते. म्हाताऱ्या राजाला न चावता घास गिळायची आणि तोंड भरलेलं असताना खदखदा हसायची सवय होती, हे अख्ख्या राजवाड्याला ठाऊक होतं. पण राजा घास अडकून मेला, असं म्हणायला कुणाची जीभ धजत नाही. लोक कुजबुजले, "विष." ती कुजबुज तरुण राजपुत्राच्या कानात शिरली आणि तिने तिथेच बिऱ्हाड केलं.

गादीवर बसल्याबरोबर त्याने एक चाखण्या नेमला. चाखण्या म्हणजे राजाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी स्वतः खाऊन बघणारा माणूस. त्याचं नाव मानकोजी. रीत अशी होती, की स्वयंपाक झाला की मानकोजीने मुदपाकखान्यात बसून सगळं चाखायचं. मग पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटीत हळूहळू पाणी चढायचं आणि ती बुडायची. तोवर मानकोजी धडधाकट राहिला तर ताट राजाकडे जायचं. राजा शेजारच्या दालनातून लाकडी जाळीआडून हे सगळं बघत बसायचा. मानकोजीने मान खाली घालून खायचं, जाळीकडे नजर वर करायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

पुढे राजाला वाटलं, एखादं विष सावकाश चढणारं असलं तर? म्हणून वाटी दुसऱ्यांदा सोडायचं ठरलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी अशी वेळ आली, की सकाळचं ताट राजापुढे उन्हं कलल्यावर यायचं आणि संध्याकाळचं ताट गाव झोपल्यावर. वरणावर साय धरलेली असायची, तूप थिजून गेलेलं असायचं, भाकरी वाकवली तर वाकायची नाही. राजा ते भराभर गिळायचा, कारण खाताना त्याचं लक्ष ताटाकडे नसायचं, दाराकडे असायचं.

एवढ्यावर थांबला असता तर तो संशय कसला! खिडकीतून बाण येईल म्हणून त्याने आपल्या महालाच्या खिडक्या चिणून घेतल्या. वर छताजवळ तेवढा एक झरोका ठेवला, तोही मांजर शिरणार नाही एवढा. नदीच्या पाण्यात कुणी काही कालवेल म्हणून पाण्याचे रांजण भरून, तोंडं मातीने लिंपून ठेवले. ते शिळं, कोंदट पाणी तो प्यायचा. खोगिराला विषारी काटा लावला असेल म्हणून घोड्यावर बसणं सोडलं. पायी फिरणं तर राजाला शोभत नाहीच. रात्री उशाखाली कट्यार घेऊन तो जागा राहायचा आणि दिवसा दरबारात पेंगायचा. राणी त्याच्या महालात आली तर तो आधी तिच्या हाताकडे बघायचा. ते राणीच्या लक्षात आलं, आणि मग तिने येणंच सोडलं.

व्हायचं तेच झालं. राजाची तब्येत ढासळू लागली. डोळ्यांखाली सूज आली, जिभेवर पांढरा थर धरला. पोट दगडासारखं घट्ट आणि पाय कापसासारखे. चार पायऱ्या चढला की धाप लागायची. अन्न समोर आलं की नको व्हायचं आणि समोरून गेलं की खा-खा सुटायची.

"मला विष चढतंय," राजा स्वतःशी म्हणाला. "सावकाश चढतंय."

राजवैद्याला बोलावणं गेलं. वैद्य जुना होता, जाणता होता. त्याने नाडी बघितली, जीभ बघितली, महालाच्या चिणलेल्या खिडक्या बघितल्या आणि म्हणाला, "महाराज, औषध काही लागणार नाही. पहाटे उठावं. ताजं पाणी प्यावं. उन्हात बसावं, नदीपर्यंत पायी जाऊन यावं. ऊन ऊन जेवावं, सावकाश चावून. आणि वेळेवर निजावं."

राजाने डोळे बारीक केले. "म्हणजे मी उघड्यावर यावं, एकट्याने नदीवर जावं, न चाखलेलं अन्न खावं आणि डोळे मिटून पडावं. वैद्यबुवा, हे तुम्हाला सांगायला कुणी सांगितलं?"

वैद्याच्या कपाळावर घाम फुटला. दुसऱ्या दिवसापासून तो मुकाट्याने चूर्णाच्या पुड्या पाठवू लागला. त्याला बायकामुलं होती, त्याला कसा दोष द्यायचा? त्या पुड्या राजा आधी मांजराला घालून बघायचा. मांजर ठणठणीत राहायचं. राजा मात्र खंगत चालला होता.

एके दिवशी राजा नेहमीप्रमाणे जाळीआड बसला होता. मुदपाकखान्यात मानकोजी पाटावर बसून चाखत होता. वाफाळत्या भाताचा घास त्याने तोंडात घातला, जिभेवर घोळवला, सावकाश चावला. कडवट, तुरट, खवखवणारं काही लागतं का, ते नीट बघितल्याशिवाय गिळायचं नाही हा त्याच्या कामाचा शिरस्ता होता. कवडशात त्याचे गाल तकाकत होते. दंड भरलेले होते. डोळे स्वच्छ होते.

राजाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आपण जे खातो ते हा आधी खातो. प्रत्येक पदार्थ, प्रत्येक दिवस. मग हा टवटवीत आणि आपण असे का? राजाने खूप विचार केला, आणि त्याला एकच उत्तर सापडलं. हाच विष घालतो आणि घरी जाऊन उतारा घेतो!

ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण भरवसा कुणावरच नव्हता. राजाने एका हेराला मानकोजीच्या मागावर पाठवलं. काही दिवसांनी हेर परत आला. "महाराज, त्याच्यात काही वावगं नाही. साधा माणूस आहे," असं हसतमुखाने म्हणाला. राजाने त्याच्याकडे निरखून बघितलं. हेराच्या तोंडावर तजेला आला होता, चालणं हलकं झालं होतं. "यालाही फितवला," राजाने ओळखलं आणि ठरवलं, की आता आपणच जायचं.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी राजाने अंगावर जुनी घोंगडी घेतली, हातात काठी घेतली, आणि चोरदरवाजातून तो बाहेर पडला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडाला गार वारा लागला. त्याला तो संशयास्पद वाटला, हे वेगळं सांगायला नको.

मानकोजीचं घर गावाबाहेर होतं. राजा कुंपणाच्या करवंदीआड दडून बसला. मानकोजी उठला. तांब्यातलं पाणी घटाघटा प्याला. बाभळीची काडी मोडून चघळत चघळत नदीच्या वाटेला लागला. राजा मागोमाग. वाट उताराची, दगडगोट्यांची. राजाला दर वळणावर थांबून दम खावा लागत होता. मानकोजी नदीत उतरला, पोहला, बाहेर येऊन खडकावर पाठ उन्हाला देऊन बसला. मग घागर भरून टेकडीवरच्या देवीच्या देवळात पाणी घालायला चढला. तिथून घरी येऊन वांग्यांच्या वाफ्यांना आळी केली, पाणी दिलं. मग न्याहारी करून राजवाड्याकडे निघाला.

"उतारा कुठे घेतला?" राजाला कळेना. जाता जाता मानकोजीने अंगणातल्या रोपाची चार पानं खुडून तोंडात टाकलेली मात्र त्याने बघितली होती. ती पानं राजाने गुपचूप आणली आणि वैद्यापुढे टाकली.

"ही तुळस आहे, महाराज," वैद्य म्हणाला.

"तुळस आहे ते मलाही दिसतंय. तिच्यात काय घातलंय?"

"तिच्यात... तुळसच आहे, महाराज."

राजाचं समाधान झालं नाही. उतारा आज नसेल घेतला, उद्या घेईल. दुसऱ्या पहाटे तो पुन्हा गेला. तिसऱ्या पहाटेही गेला. मानकोजी कनवटीला एक पुरचुंडी बाळगतो हे त्याच्या ध्यानात आलं. मानकोजी नदीत असताना राजाने त्याच्या काठावर ठेवलेल्या कपड्यांतून ती पळवली. एका मुलखाचा धनी, आणि धोतराच्या गाठी सोडत बसला होता! आत ओवा निघाला. राजाने तो हुंगला, जिभेवर ठेवला आणि थुंकला. मग पुन्हा थोडा ठेवला. तो साधा ओवाच होता.

असे दिवसामागून दिवस गेले. राजा रोज पहाटे उठू लागला, कारण मानकोजी पहाटे उठायचा. रोज नदीवर उतरू लागला आणि टेकडी चढू लागला, कारण मानकोजी उतरायचा आणि चढायचा. त्याच्यावर नीट नजर ठेवता यावी म्हणून राजा खालच्या डोहात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहायचा. तहान लागली की तेच वाहतं पाणी ओंजळीने प्यायचा, कारण रांजण काही पाठीवर बांधून आणता येत नव्हता. दुपारी इतकी भूक लागायची, की वाटी तिसऱ्यांदा बुडायची वाट बघवत नसे. तो जाळीआडूनच ओरडायचा, "पुरे झालं! आणा ताट!" आणि रात्री ताटावरून उठला की जो आडवा व्हायचा तो पहाटेच जागा व्हायचा. उशाखालची कट्यार कुठे घसरली तेही त्याला कळायचं नाही.

डोळ्यांखालची सूज उतरली. जीभ स्वच्छ झाली. टेकडीवर चढताना धाप लागेनाशी झाली.

एक दिवस राणी दालनाच्या दारात आली आणि तिथेच थबकली. "स्वारींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज दिसतंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता.

राजाही चपापला. त्याने आरशात बघितलं. खरंच की! आपण बरे झालो होतो. पण का? त्याने पुन्हा खूप विचार केला, आणि पुन्हा एकच उत्तर सापडलं.

"त्याला पाळत ठेवल्याचा वास लागला. त्याने विष घालणं थांबवलं!"

हा राजाचा विचार तुम्हाला हसण्यासारखा वाटेल. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला बरं वाटलं तरी त्यात कुणाचा तरी कट दिसतो.

तरी राजा न्यायी होता. पुरावा नसताना त्याने कुणाला शिक्षा केली नव्हती. म्हणून तो आणखी एकदा नदीवर गेला, आणि या खेपेला दडून न बसता खडकावर मानकोजीच्या शेजारी जाऊन टेकला. मानकोजीला तो कुणी धनगर वाटला. राजाचा चेहरा त्याने कधी नीट बघितलाच नव्हता.

"रामराम पाव्हनं," मानकोजी म्हणाला. "रोज दिसता हिकडं. मेंढरं कुठं हायती?"

"पुढे गेली," राजा म्हणाला. "तू राजवाड्यात असतोस ना?"

"व्हय. चाखण्या हाय." मानकोजीने फडक्यातली भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. वर लसणाची चटणी.

राजाचा हात पुढे होईना. मानकोजीने आपल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा खाल्ला तेव्हा कुठे त्याने घास घेतला. भाकरी अजून कोमट होती. इतकं चवदार काही आपण कधी खाल्लं होतं ते राजाला आठवेना. या माणसाशेजारी उन्हात बसून राहावं, असं त्याला क्षणभर मनापासून वाटलं. मग तो सावध झाला.

"राजासाठी मरायची नोकरी करतोस. भीती नाही वाटत?"

"वाटती की. पैला घास घेताना रोज वाटती. घरात कारभारीण हाय, सगुणा. तिचं तोंड डोळ्यांम्होरं येतं." मानकोजी हसला. "पन खरं सांगू का? राजापरीस माझंच बरं हाय. त्याला काय ठावं, त्याच्या ताटात काय जातंय ते! त्याला मिळतं ते निस्तं मढं. जीव हाय तो समदा माझ्या वाटनीला."

बिचारा थंडगार अन्नाबद्दल बोलत होता. गरम असताना आपण खातो आणि थिजल्यावर राजा खातो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण राजाच्या हातातला तुकडा तसाच राहिला. 'त्याला काय ठावं, त्याच्या ताटात काय जातंय ते.' याहून उघड कबुली ती कोणती असणार?

त्याच दुपारी मानकोजीच्या हातात बेड्या पडल्या. दरबारातही त्याला नजर वर करायची मुभा नव्हती. राजाने त्याला त्याचेच शब्द ऐकवले. मानकोजी बावरून म्हणाला, "बोललो खरं मी त्या पाव्हन्याला, पन तसं न्हवं म्हनायचं, सरकार." राजाने पुढचं ऐकलंच नाही. येत्या अमावास्येला त्याचा कडेलोट करायचा, असा हुकूम झाला. तोवर त्याला तळघरातल्या कोठडीत टाकलं.

सगुणा राजवाड्याच्या दाराशी येऊन बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच म्हणायची, "माझ्या मालकानं राजासाठी रोज मरन खाल्लं, त्याला एवढं सांगा." पण राजाला ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

विष घालणारा सापडला होता. आता पाळत ठेवायची गरज उरली नव्हती. राजा पुन्हा आपल्या चिणलेल्या महालात जाऊन बसला. नवा चाखण्या नेमला, वाटी पुन्हा तीनदा बुडू लागली, रांजण पुन्हा उघडले गेले. पहाटे उठायचं कारण नव्हतं म्हणून राजा उन्हं वर येईपर्यंत पडून राहू लागला, आणि म्हणून रात्री झोप लागेनाशी झाली. पहिले काही दिवस जरा आळस वाटला इतकंच. मग पोट जड झालं. जिभेवर थर आला. डोळ्यांखाली सूज आली.

राजा हादरला. मानकोजी तर कोठडीत आहे! मग आता कोण? अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने एकेकाचं तोंड आठवलं. नवा चाखण्या? तो तर स्वतःच मरगळलेला दिसत होता. राणी? वैद्य? मग त्याला दाराशी बसलेली ती बाई आठवली. साथीदार! नवरा पकडला गेला म्हणून बायको सूड घेतेय. तिलाही कड्यावर उभं करावं लागणार. पण राजा न्यायी होता ना! आधी मानकोजीकडून तिचं नाव वदवून घ्यायला हवं, असं त्याने ठरवलं. अमावास्या परवावर आली होती.

राजा तळघरात उतरला. पायऱ्या उतरतानाही त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. पहारेकऱ्याने दार उघडलं, मशाल वर धरली. राजा आत डोकावला आणि दारातच खिळून राहिला.

कोपऱ्यात मानकोजी बसला होता. ते तकाकणारे गाल ओघळले होते. डोळ्यांखाली सूज होती. ओठ कोरडे, कातडी पिवळट. तो उठायला गेला तर त्याला धाप लागली आणि खोकल्याची उबळ आली. पुढ्यातली भाकरी तशीच पडली होती.

राजा रोज आरशात बघत होता तोच चेहरा त्याच्यासमोर होता.

"सापडलं!" राजा पुटपुटला. संशय असा सहजासहजी मरत नाही. "उतारा मिळेना म्हणून तुझीही ही गत झाली. बोल, विष कुठलं होतं?"

मानकोजीने मान वर केली. मशालीच्या उजेडात त्याने राजाकडे टक लावून बघितलं. "तुमी?" तो म्हणाला. "नदीवरचं पाव्हनं? तुमी राजं?" आणि मग, जसं काही सगळ्यात जास्त तेच लागलं असावं तसं, हळूच म्हणाला, "माझी भाकरी खाल्ली की हो तुमी."

राजा पहारेकऱ्याकडे वळला. "याच्या अन्नात काय घालता तुम्ही?"

"काय घालणार, महाराज?" पहारेकरी घाबरून म्हणाला. "बाहेर चुलीवर जी भाकरी होते तीच त्याला आणि तीच मला. पाणी एकाच घागरीतलं." पहारेकरी चांगला दणकट होता. दिवसभर बाहेर उन्हात उभा राहायचा, घागरी वाहायचा, तटावर फेऱ्या मारायचा.

"मग याला झालं काय?"

"मला इचारा की, सरकार," मानकोजी म्हणाला. "मला न्हाई कळत रोगाचं. पन हितं ऊन येत न्हाई. वारं येत न्हाई. दिस कवा उगवतो, कवा मावळतो, त्येचा पत्ता न्हाई. चालावं तर दोन पावलावर भिताड. अंग हाललं न्हाई की भूक लागत न्हाई, भूक न्हाई की झोप न्हाई. नुसतं बसायचं आन् दाराकडं बघायचं. कोन येतंय, काय करतंय, ह्येच डोक्यात. मानूस ह्यानंच मरत असंल. तुमी कडेलोट कशाला करता?"

राजाने कोठडीकडे बघितलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे आपला महाल आला. दोन्हींत फरक एवढाच होता, की महालात गालिचा होता आणि दाराची कडी आतून होती.

तो खाली बसला. कोठडीच्या ओल्या फरशीवर राजा बसला. त्याला ते दिवस आठवले, तो बरा होता ते दिवस. त्या दिवसांत त्याने कुठलं औषध घेतलं होतं? काहीच नाही. तो फक्त या माणसाच्या मागे चोरासारखा फिरला होता. त्याच्यासारखा उठला होता, त्याच्यासारखा चालला होता, त्याच्यासारखा पाण्यात आणि उन्हात राहिला होता. उतारा उतारा म्हणून जो शोधत होता, तो तर त्याने स्वतःच महिनाभर घेतला होता. आणि ज्या पहाटेपासून तो घेणं सोडलं, त्या पहाटेपासून विष पुन्हा चढू लागलं होतं. कुणाच्या हातचं? त्या महालाचं दार राजाशिवाय कुणी आतून लावत नव्हतं.

राजाला लाज वाटली. अशी लाज, की मशाल विझावी असं त्याला वाटलं.

त्याने स्वतःच्या हाताने मानकोजीच्या बेड्या काढल्या. दोघांनाही धाप लागत होती, म्हणून पायऱ्या चढायला दोघांना फार वेळ लागला. वर उन्हात आल्यावर मानकोजीने डोळ्यांवर हात धरला आणि भिंतीला टेकून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. सगुणा धावत आली. राजा तिच्यापुढे हात जोडून म्हणाला, "बाई, माझी चूक झाली. काय हवं ते मागा."

सगुणाने नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "आमाला घरी जाऊंद्या," ती म्हणाली. "येवढंच द्या." आणि तिने मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजाने सांगितलं, "मला विष घालणारा सापडला आहे. तो मीच आहे." त्याने वैद्याची क्षमा मागितली. महालाच्या खिडक्या उघडल्या. राणीला निरोप पाठवला नाही, तर स्वतः तिच्या दालनापर्यंत चालत गेला. आणि त्या दिवसापासून पहाटे उठणं, नदीवर पायी जाणं, ताजं खाणं आणि निवांत झोपणं यात त्याने खंड पडू दिला नाही. राजा बरा झाला आणि पुढे खूप वर्षं जगला.

मानकोजीही हिंडूफिरू लागला, त्याच्या वाफ्यांत पुन्हा वांगी लागली. पण त्या ओल्या तळघरातला खोकला त्याच्या छातीतून गेला नाही तो नाहीच. वैद्याने सगळे उपाय केले. दर पावसाळ्यात तो खोकला जोर धरायचा. मानकोजीचं घर गावाबाहेर आणि राजवाडा टेकाडावर, तेव्हा तो तिथवर ऐकू येणं शक्यच नव्हतं. राजाला मात्र तो मरेपर्यंत ऐकू येत राहिला.

तात्पर्य: ऊन, वारा, चालणं, ताजं अन्न आणि वेळेवरची झोप ज्याने स्वतःच तोडली, त्याने आपल्या आजाराचा गुन्हेगार दुसऱ्याच्या घरात शोधू नये.